जांभळ्या तारेचं काय

खोक्यावर चिनी अक्षरं, आत ॲल्युमिनियमची एक वीट
आणि विटेच्या पोटातून लोंबणाऱ्या तारा, प्लगांचे घोसच्या घोस.
माहितीचा कागद नाही. असता तरी
तो वाचणारं सिएनफुएगोसमध्ये कोण सापडलं असतं?

जुना कंट्रोलर मंगळवारी जळाला,
ऐन चढावर, मागे पावाच्या चार टोपल्या.
पावांना असा वास लागला की कोंबड्यांनीही तोंड फिरवलं.

शेजारचे एवेलिओ आले. बंदरात रेडिओ दुरुस्त करायचे पूर्वी.
लाल आणि हिरवा त्यांना एकच दिसतो.
नोकरीतल्या एकतीस वर्षांत कुणाला कळू दिलं नव्हतं,
मला सांगितलं स्क्रू काढता काढता,
दहा नंबरचा पाना मागावा तसं.
"रंग तू सांग. बाकीचं मी बघतो."

आधी जाडी बघायची, म्हणाले.
सगळ्यात दांडग्या दोन, त्या बॅटरीच्या.
मग टोकाला कडी असलेल्या तीन.
"पिवळी, हिरवी, निळी," मी म्हणाले.
त्या मोटरच्या.
आणि तेच तीन रंग पुन्हा, दोऱ्याएवढे बारीक,
पाच तारांच्या एका पांढऱ्या प्लगात:
चाक कुठवर आलं याची खबर आणणाऱ्या.
थोरल्या तिघी राबतात,
धाकट्या तिघी चहाड्या सांगतात.

जुन्या तारांवर रेइनिएरच्या चिकटपट्ट्या होत्या.
त्याची अक्षरं, तिरकी, घाईची.
एकीवर "ही ती", एकीवर "ही नाही",
एकीवर नुसतं "शनिवार".
माझा भाऊ मोंतेविदेओला गेला त्याला दीड वर्ष झालं.
कोणता शनिवार, विचारायचं राहून गेलं.

तीन तारांचे प्लग दोन निघाले, जुळे म्हणावेत इतके सारखे.
एक थ्रॉटलचा, दुसरा वेगाच्या बटणाचा,
आणि कोणता कुठला ते कुठेच लिहिलेलं नाही.
मीटरची काळी टोचणी काळ्या तारेला. काळा त्यांना दिसतो.
"पाच व्होल्ट दाखवेल तो थ्रॉटल.
उलटं जोडलंस तर..."
वाक्य अर्धंच ठेवून ते आकड्याकडे बघत बसले.
चार पूर्णांक आठ,
आणि त्याच क्षणी वीज गेली.

गल्लीभरचे पंखे हळूहळू थांबल्याचं ऐकू आलं.
समोरच्या मिरेल्डाबाईंनी सरकारचा उद्धार केला, रोजचाच, पाठ असलेला.
साऱ्या गल्लीत जिवंत एक आमची बॅटरी.
मोबाइलच्या उजेडात हिरवी निळी वाटे, निळी काळी,
पिवळी तर पांढऱ्यात विरघळूनच गेली.
"काही कळत नाही हो," मी म्हणाले.
एवेलिओ हसले. "ये. मी इथेच राहतो."
आणि बोटांनीच प्लग चाचपू लागले,
खाच वर, खाच खाली, हा बसतोय, हा नाही,
तांदळातले खडे वेचावेत तसे.

शेवटी दोन सुट्या पांढऱ्या तारा.
"ह्या एकमेकींना जोडल्या की तो आपलं आपण शिकतो."
जोडल्या. वर टांगलेलं चाक कण्हलं, थरथरलं
आणि फिरू लागलं. उलटं.
मला रडूच यायचं बाकी होतं.
"काढ. पुन्हा जोड," ते म्हणाले. "पहिल्यांदा सगळे उलटंच शिकतात."
काढल्या. जोडल्या.
चाक सुलटं फिरलं, त्याची हवा
माझ्या घोट्यांना लागली. त्या रात्री गल्लीत तेवढाच वारा.

उरली एक जांभळी. बारीक, एकटी, जोडीदार नसलेली.
एवेलिओंनी हुंगली, मीटर लावला, खांदे उडवले,
टोकाला पट्टी गुंडाळून सीटखाली सारून दिली.

वीज आली पहाटे चारला. फोटो काढून भावाला पाठवला:
जांभळीचं काय करायचं?
उत्तर आलं तेव्हा मी टोपल्या बांधत होते.
"आपल्या गाडीत जांभळी कधी नव्हती.
एवेलिओंना विचार."
आणि खाली, जरा वेळाने:
"चढावर गेली का?"

गेली.
फक्त ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो.
लोकांना वाटतं, पाव आले.